मालकानं खाडा धरला नाही

युवक रविवारी संदेश तरुणांनीच द्यायचा, हा आमच्या मंडळीचा जुना रिवाज. नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडे, जिथून माणसं ऊसतोडीला जातात त्या पट्ट्यात मी पाळक आहे. म्हणून हा रविवार मी मे महिन्यात धरतो. कारखान्यांचा हंगाम आटोपलेला असतो, आईबाप गावात असतात, कॉलेजच्या पोरांना सुट्टी असते. तयारी करून घेणं माझ्याकडे. स्वतः उपदेश करण्यापेक्षा हे काम किचकट, पण मला ते जास्त आवडतं.

हल्ली डोकेदुखी एकच. पोरं मोबाइलवर प्रवचनं ऐकतात आणि कुणाचा तरी आवाज उसना घेऊन येतात. घरी नीट बोलणारी मुलगी पुलपिटावर गेली की घसा ताणून “हालेलुया म्हणा!” असं ओरडायला लागते. म्हणून माझ्या काही अटी आहेत. वेळ सात मिनिटं. शास्त्रपाठ एकच. ज्या अध्यायातलं वचन सांगायचं तो अध्याय सबंध वाचलेला हवा. आणि “तुम्ही असं केलं पाहिजे” हे वाक्य बंद. सतरा-अठरा वर्षांच्या पोरानं आजोबांच्या वयाच्या माणसांना ते ऐकवू नये, असं माझं मत.

यंदा ज्याचा नंबर होता तो आयटीआयत वायरमनचं शिकतो. आईवडील दर हंगामाला तोडीला जातात. लहानपणी तोही त्यांच्याबरोबर कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत राहिलेला. त्यानं मत्तयाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय निवडला, द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला. त्यात मालक उशिरा आलेल्यांनाही सकाळपासून राबलेल्यांएवढीच मजुरी देतो. लिहून आणली चार फुलस्केप पानं. “प्रभूमध्ये माझ्या अतिप्रिय बंधुभगिनींनो” पासून जी गाडी सुटली ती पाप, पश्चात्ताप, शेवटचा काळ अशी स्टेशनं घेत थेट बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात. दाखल्यातला मजूर तिसऱ्या पानावर जेमतेम डोकावून गेला होता.

मी पानं मिटून ठेवली आणि त्याला नुसता शास्त्रपाठ वाचायला लावला. रिकाम्या चर्चमध्ये आवाज घुमतो, शब्द एकमेकांवर चढतात. त्याच्या मित्राला शेवटच्या बाकावर बसवलं. ऐकू आलं नाही की हात वर करायचा. पहिल्या वाचनात हात खाली आलाच नाही. मग सावकाश, स्वल्पविरामाला थांबत, पुन्हा. मालक पहाटे मजूर घेतो, मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी संध्याकाळी पाचला. तिथं पोरगा थांबला.

“पाळकसाहेब, पाचला कोण मजूर घेतंय?”

“तू सांग. तुझ्याकडं कोण घेतं?”

“गाडी भरायची राहिली असंल तर घेत्यात. पण पैसं आख्ख्या दिवसाचं?” तो हसला. “मुकादम तर खाडा धरतो.”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाआधी मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम घ्यायची आणि तोडलेल्या टनांवर ती फेडायची. ताप आला, बाईची पाठ धरली, एक दिवस फडात जाणं झालं नाही, की खाडा. त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर दंडाचे पैसे अंगावर पडतात. उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामाच्या खात्यावर चढते.

हे सगळं त्या पोरानं मला तिथंच, पुलपिटाला टेकून सांगितलं. कुठंही आवाज न चढवता. मी म्हटलं, “हेच बोल.” तो म्हणाला, “हे चर्चमधी बोलत्यात व्हय?”

मग मी त्याला दाखल्याच्या मागचं सांगितलं. त्या काळी दीनार म्हणजे साधारण एका दिवसाची मजुरी. तेवढ्यावर घराची चूल पेटायची. सूर्य मावळायच्या आत मजुराचा रोज द्यावा, ही आज्ञा बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात आहे. म्हणून दाखल्यातला मालक संध्याकाळीच पैसे वाटतो. हे त्यानं लगेच वहीत उतरवलं.

मांडणीसाठी मी कीर्तनाचा साचा देतो. नगरकडच्या मराठी मंडळ्यांत ख्रिस्ती कीर्तनं एकोणिसाव्या शतकापासून होत आली आहेत, आणि रेव्हरंड टिळकांची पदं तर आमच्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ. पूर्वरंगात वचन आणि त्याचं निरूपण, उत्तररंगात आख्यान. नवख्या वक्त्यासाठी यापेक्षा सोपी वाट मला तरी ठाऊक नाही. चार पानांचं एक पोस्टकार्ड झालं. खोडताना त्याला वाईट वाटत होतं, प्रकटीकरण तर त्यानं शेवटपर्यंत धरून ठेवलं होतं. ते मीच काट मारून उडवलं.

रविवारी चर्च भरलेलं. पुढच्या बाकांवर त्याचे आईवडील. मंडळीत एक मुकादमही आहेत, तेही नेहमीच्या जागी. पोरानं पाठ वाचला, मजुरी आणि सूर्यास्ताचं सांगितलं, मग फडातली एक संध्याकाळ सांगितली: आई तापानं कोपीत पडलेली, वडील एकटेच मोळ्या बांधतायत आणि हा पाचटात बसून मोजतोय. पुढं म्हणाला, “पाचपर्यंत नाक्यावर उभी राहिलेली माणसं आळशी नव्हती. त्यांना कुणी नेलंच नव्हतं. त्या मालकानं कुणाचा खाडा धरला नाही. देव तसा आहे, असं येशू म्हणतो.” कार्ड खिशात घातलं आणि खाली उतरला. सात मिनिटंही झाली नव्हती. पुढचं गीत सुरू करायचं पेटीवाल्याच्या ध्यानातच राहिलं नाही. मला खूण करावी लागली.

चहाच्या वेळी बाहेर मांडवात खडाजंगी. डाळिंबाची बाग असलेले आमचे एक वडीलधारे तावातावानं म्हणाले, “हे युनियनचं भाषण झालं! उद्या माझ्या बागेत सगळे पाचलाच येतील.” मुकादम बशीत चहा ओतत म्हणाले, “दादा, दाखल्यातसुद्धा सकाळचे मजूर कुरकुर करतातच की.” खाड्याबद्दल मात्र ते चकार शब्द बोलले नाहीत, आणि त्यांना कुणी विचारलंही नाही. पोराच्या आईला एक बाई सांगत होती की पोरगं छान बोललं. ती म्हणाली, “बोललं खरं, पण माझ्या तापाचं कशाला काढलं?” यावर मला उत्तर सुचलं नाही. घरातली गोष्ट सांगण्याआधी घरच्यांना विचारायचं, ही अट आता माझ्या यादीत आहे.

एवढ्यात नर्सिंगला असलेली एक मुलगी पुढं आली. “पाळकसाहेब, सकाळपासून राबलेल्यांचं कोण बोलणार? बारा तास ड्यूटी केल्यावर असं झालं तर मी पण भांडेन. पुढच्या वेळी मी बोलते.”

“बोल की. शास्त्रपाठ कोणता घेतेस?”

“हाच.”

मी तिला वेळेची अट सांगितली. दहा मिनिटं मिळतील का, म्हणून ती अजून घासाघीस करते आहे.