तुम्ही विचारलंत म्हणून: गावच्या ग्रुपवर लिहिलं तर पोलिस धरतात का?

"गावना ग्रुपवर लिखं ते पोलिस धरी लई जातीन का, भाऊ?" रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातून, अमळनेरहून, साक्रीहून हाच प्रश्न येतो. कुणाला गटारीच्या कामावर लिहायचं असतं, कुणाला अडकलेल्या पीक विम्यावर. उत्तर आधीच देतो: नुसती टीका केली म्हणून अटक करता येत नाही. टीका लिहिली कशी, यावर मात्र पुढचं बरंच अवलंबून असतं.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ मध्ये बोलण्यावर बंधनं घालायची कारणं मोजून आठ दिली आहेत. सुव्यवस्था, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी ही त्यातली काही. सरपंचांना राग आला, हे त्यात कुठेच नाही. २०१२ साली पालघरमध्ये मुंबई बंदवर फेसबुकला लिहिणाऱ्या एका तरुणीला आणि ते लाइक करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली, तेव्हा ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दलचं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ लावलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते कलम २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. तरी ते लावलं जातच राहिलं, आणि २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं. म्हणून नोटीस हातात आली की पहिल्यांदा कलमाचा आकडा वाचा.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्यात बदनामीचं कलम ३५६. शिक्षा दोन वर्षांपर्यंत, पण गुन्हा अदखलपात्र, म्हणजे वॉरंटशिवाय पोलिस अटक करू शकत नाहीत. पोलिस फार तर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करतात. तक्रारदाराला स्वतः मॅजिस्ट्रेटकडे जावं लागतं. "बदनामी केली म्हणून आता उचलतो" ही धमकी बहुतेक वेळा पोकळ असते. वजनदार कलमं वेगळी: १९६ म्हणजे समाजासमाजात वैर पसरवणं, २९९ म्हणजे धर्मभावना दुखावणं, ३५३ म्हणजे अफवा. पहिली दोन दखलपात्र आहेत, ३५३ मधले काही प्रकार मात्र अदखलपात्र आहेत. पण दखलपात्र गुन्ह्यातही शिक्षा तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी असेल तर गुन्हा नोंदवण्याआधी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करायची सोय कायद्यात आहे, आणि बोलण्या-लिहिण्याच्या प्रकरणांत ती करणंच योग्य, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये सांगितलं. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात सहसा आधी हजर राहण्याची नोटीस येते. ती आली की हजर व्हा. टाळलीत तर अटकेचं कारण तुम्हीच देता.

आता लिहायचं कसं. समजा, तुम्ही टाकलंत: "सरपंचाने गटारीत पैसे खाल्ले." हा थेट गुन्ह्याचा आरोप झाला आणि तो सिद्ध करणं तुमच्या गळ्यात पडलं. आता हे बघा: "गटारीचं इस्टिमेट ४ लाख ८० हजारांचं. मोजमाप पुस्तिकेत १२० मीटर नोंद आहे. टेपने मोजलं तर ८५ मीटर भरतं. उरलेलं ३५ मीटर कुठे आहे, ग्रामसेवकांनी ग्रामसभेत सांगावं." एकही शिवी नाही, पण पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त झोंबतं. बदनामीच्या कलमात खरेपणा एकटा पुरत नाही, ते लोकहिताचंही असावं लागतं. गावाच्या पैशाचा हिशेब मागणं ते असतंच. "काम निकृष्ट आहे असं माझं मत" हे लिहायलाही हरकत नाही, फक्त मत आणि माहिती एकाच वाक्यात कालवू नका. जात, धर्म, घरच्या बायका यांचा उल्लेख आला की मुद्दा तिथेच मेला आणि कलमही बदललं.

कागद मिळवायला माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. कार्यारंभ आदेश (वर्क ऑर्डर), इस्टिमेट आणि मोजमाप पुस्तिकेची पानं, एवढंच मागा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

फोटोच्या बाबतीत फार जण फसतात. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की तो आकाराने लहान केला जातो आणि कधी, कुठे काढला ही आतली माहिती निघून जाते. म्हणून मूळ फोटो ज्या मोबाइलवर काढला त्यातच राहू द्या, पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कोर्टात डिजिटल पुराव्यासोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे तो पुरावा कुठून आणि कसा घेतला हे सांगणारं, प्रमाणपत्र द्यावं लागतं. कापलेला स्क्रीनशॉट तिथे लंगडा पडतो. घाबरून पोस्ट डिलीट करण्याआधी अख्खी चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. मोबाइल जप्त झालाच तर पंचनाम्याची प्रत मागून घ्या.

अॅडमिनचं काय? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी अॅडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही. दोघांचा हेतू एकच होता हे दाखवावं लागतं. मात्र अॅडमिननेच चिथावलं तर ही ढाल नाही.

हे सगळं सांगताना आपल्या धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा डोळ्यांआड करता येत नाही. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा मोबाइलवरून आधीच फिरत होती. मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली, आणि २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या मेसेजसाठी ती एकावर आणली. अशा मेसेजवर दोन बाण दिसतात. मुलं पळवणारे, गोमांस, विहिरीत विष असला मजकूर दोन बाणांसह आला, तर तो पुढे ढकलू नका. मेसेज तसाच ठेवा, ११२ ला फोन लावून ठिकाणाचं नाव सांगा, आणि ज्याने पाठवला त्याला विचारा: हे तू स्वतः पाहिलंस का?