खाकीची बरोबर शेड शोधताना

सध्या रंगवायला टेबलवर २८ एमएमचे मिनिएचर, म्हणजे छोटे पुतळे आहेत: मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान, इटली, जुलै १९४४. यशवंत घाडगे याच रेजिमेंटचे, तिसऱ्या बटालियनचे. १० जुलैला टायबर खोऱ्यात एकटेच मशीनगन पोस्टवर धावून गेले, पोस्ट घेतली आणि तिथंच गोळी लागून गेले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अशा माणसाच्या मिनिएचरला अंदाजपंचे रंग द्यायला माझं मन होत नाही, म्हणून ही सगळी शोधाशोध.

बरेच जण ब्रिटिश आर्मी म्हटलं की डोळे झाकून व्हॅलेयो या मॉडेल-रंगांच्या ब्रँडची ‘इंग्लिश युनिफॉर्म’ बाटली उघडतात. पण ती लोकरीच्या बॅटलड्रेसची (लढाईच्या गणवेशाची) शेड, तपकिरीकडे झुकलेली. इटलीतल्या उन्हाळ्यात सैन्य खाकी ड्रिलमध्ये, म्हणजे जाड सुती कापडात असायचं आणि ते कापड उन्हानं, धुण्यानं पार फिकं पडायचं. बर्मातलं जंगल ग्रीन आणखी वेगळं, तिकडे १९४३ पासून हिरवे कपडे आले, ते इथं आणायचे नाहीत.

बरं, मग खाकी ड्रिलची नेमकी शेड कुठली? इथं सोलापुरात राहण्याचा खरा फायदा होतो. पूर्व भागात ओळखीचे एक डाईंगवाले काका आहेत, त्यांना विचारलं की एकाच रेसिपीचे दोन लॉट सेम येतात का, तर म्हणाले, अरे पाणी बदललं की शेड हलते, सूत बदललं की हलते, म्हणून तर लॉट मिक्स होऊ देत नाही आम्ही. आता विचार करा, युद्धाच्या घाईत इतक्या गिरण्यांतनं निघालेलं कापड एकसारखं कसं असेल! त्यामुळे मी एकाच जवानाचा शर्ट आणि चड्डीसुद्धा मुद्दाम थोड्या वेगळ्या शेडमध्ये करतो, आणि माझ्या मते हेच जास्त बरोबर आहे.

रणगाड्यांचं पण तेच. जर्मनांचा १९४३ चा डुंकेलगेल्ब (गडद पिवळा), त्यावरचा हिरवा आणि लालसर तपकिरी हे पेस्टच्या डब्यात यायचे, क्रू पाणी नाहीतर पेट्रोल घालून मारायचे, जेवढं पातळ तेवढी शेड वेगळी. ब्रिटिशांनी हिरवा सोडून एससीसी २ नावाचा तपकिरी रंग घेतला तो हिरव्या रंगात लागणारं क्रोमियम ऑक्साइड कमी पडलं म्हणून. असं कारण कळलं की कुठल्या सालच्या गाडीला काय मारायचं ते आपोआप लक्षात राहतं, नुसते कोड पाठ करून काही होत नाही.

जुन्या फोटोंवरून शेड ठरवताना जपून, विशेषतः पहिल्या महायुद्धाच्या. तेव्हाच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल काळा दिसतो आणि निळा फिकट पांढुरका. नीट जपलेला खरा कपडा बघायला मिळाला तर शिवणीच्या आत, खिशाच्या झाकणाखाली बघायचं, तिथं ऊन लागलेलं नसतं.

माझं सध्याचं मिक्स म्हणजे व्हॅलेयो खाकी ९८८ मध्ये थोडा इराकी सँड ८१९, चड्डीला सँड जास्त. छोट्या मॉडेलवर रंग गडद दिसतो म्हणून बेसच एक पायरी फिका धरतो. शेड दिवसा खिडकीत बघूनच फायनल करायची, ट्यूबलाइटखाली ती फसवते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारी ब्रशवरच रंग वाळतो, तेव्हा वेट पॅलेट (रंग ओला ठेवणारी ओलसर पॅलेट) घ्या आणि सकाळी लवकर बसा. कोणाकडे आजोबांचा त्या काळातला ड्रिलचा शर्ट ट्रंकेत असेल तर प्लीज कळवा, मी येऊन बघून जाईन.