हेलियमचा हिशेब, भाग ३: बरोबर उत्तर चुकीचं निघालं

मंडळी, आधी कबुली देतो. होळीच्या सुमारास लिहिलेल्या भागात मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की माझ्या ऐंशी ओळींच्या पायथॉन प्रोग्रॅमने आदिम विश्वातल्या हेलियमचं वस्तुमानातलं प्रमाण ०.२५३ काढलं. निरीक्षणांतून येणारा आकडा ०.२४५ च्या आसपास. तीन टक्क्यांचा फरक, ‘घरगुती हिशेबाला आणखी काय हवं’ असंही लिहून बसलो होतो. ते वाक्य मागे घेतो. उत्तर जवळपास बरोबर होतं, पण हिशेब चुकला होता, आणि एका नव्हे, दोन ठिकाणी.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. विश्व साधारण एका सेकंदाचं असताना तापमान १ एमईव्हीच्या (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक; इथे तापमान आणि वस्तुमानही त्यातच मोजतात) घरात, म्हणजे हजार कोटी केल्विनच्या वर होतं. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन तेव्हा सतत एकमेकांत बदलत होते. न्यूट्रॉन १.२९३ एमईव्हीने जड, त्यामुळे विश्व थंड होईल तसा त्यांचा वाटा घटत जातो. ही अदलाबदल तापमानाच्या साधारण पाचव्या घाताने मंदावते, प्रसरण मात्र दुसऱ्याच घाताने. साहजिकच एक वेळ अशी येते की अदलाबदल मागे पडते आणि उरलेले न्यूट्रॉन अडकून राहतात. मग ते आपापल्या गतीने क्षय पावतात, सरासरी आयुष्य ८७८.४ सेकंद. पुढे ड्युटेरियम, म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांची जोडी, तग धरू लागलं की शिल्लक न्यूट्रॉन जवळजवळ सगळेच्या सगळे हेलियममध्ये जाऊन बसतात. एका हेलियममध्ये दोन न्यूट्रॉन आणि दोन प्रोटॉन, म्हणून हेलियमचं प्रमाण म्हणजे त्या घडीला असलेल्या न्यूट्रॉनच्या वाट्याची दुप्पट. एवढाच खेळ.

यातला पहिला टप्पा, अडकून पडण्याचा, मी पुन्हा तपासला. तो ठीक आहे. वेगाचं सूत्र बर्नस्टाइन, ब्राउन आणि फाइनबर्ग यांच्या १९८९ च्या कामातलं घेतलंय. तपासायची युक्ती सोपी होती: १० एमईव्हीपासून सुरुवात करायची, एकदा सगळे न्यूट्रॉन धरून, एकदा सगळे प्रोटॉन धरून. दोन्ही रेघा पडद्याच्या डाव्या कडेलाच एकमेकींवर चढल्या आणि पुढे एकच रेघ चालली. हे बघायला मला फार आवडलं, कारण यात इतिहास दडलाय. १९४८ मध्ये गॅमॉव्ह आणि अल्फर यांनी सुरुवातीला निव्वळ न्यूट्रॉन आहेत असं धरलं होतं. तसं धरायची मोकळीकच नाही, इतक्या तापमानाला प्रमाण समतोलच ठरवतो, हे १९५० मध्ये जपानच्या हायाशींनी दाखवलं. तोच मुद्दा माझ्या जुन्या लॅपटॉपवर दोन रेघांनी सांगितला. ०.५ एमईव्हीला समतोलाप्रमाणे न्यूट्रॉन ७ टक्के असायला हवेत, माझी रेघ त्याच्या दुपटीहून वर राहते आणि पुढे, क्षय सोडला तर, ०.१५ वर सपाट होते. छान.

घोटाळा त्यानंतरचा. सांगलीचा माझा एक मित्र कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. त्याला मी आकडे पाठवले. त्याने हेलियमकडे पाहिलंच नाही. एकच प्रश्न विचारला, तोही न्यूट्रिनो या द्रव्याशी जवळजवळ न भिडणाऱ्या कणांबद्दल, ‘तुझ्या विश्वात आज न्यूट्रिनोंचं तापमान किती येतं रे?’

मी काढलं. २.७२५ केल्विन आलं. फोटॉनचं, म्हणजे प्रकाशकणांचं, तेवढंच.

ते यायला हवं १.९५ केल्विन. ज्यांनी हा प्रांत तुडवलाय त्यांच्या एव्हाना लक्षात आलं असेल. तापमान अर्ध्या एमईव्हीच्या खाली गेलं की इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या एकमेकांना संपवतात आणि त्यांची सगळी ऊर्जा फोटॉनच्या पदरात पडते. न्यूट्रिनो त्याआधीच वेगळे निघालेले, त्यांना या वाटणीत काही मिळत नाही. म्हणून न्यूट्रिनोंचं तापमान फोटॉनच्या ०.७१४ पट उरतं. मी मात्र जोड्या संपल्यावरही त्यांना हजेरीपटावर ठेवलं होतं. कणांच्या प्रकारांची प्रभावी संख्या शेवटपर्यंत १०.७५, खरं तर ती ३.३६ वर उतरायला हवी होती. हजेरीपट फुगला की प्रसरण जास्त वेगाचं, म्हणजे ठरावीक तापमानाला पोचायला लागणारा वेळ कमी. ०.०७ एमईव्हीला माझं विश्व १५१ सेकंदांत पोचत होतं. खरं लागतात सुमारे २६९. न्यूट्रॉनना क्षय पावायला मी जवळपास दोन मिनिटं कमी दिली होती.

दुरुस्ती केली. एका ओळीचं काम. पुन्हा चालवलं: ०.२२१.

म्हणजे चूक सुधारल्यावर उत्तर बिघडलं. ज्यांनी हाताने हिशेब केलेत त्यांना हे दुःख माहीत असेल. रात्री साडेअकराला मी पडद्यापुढे बसून होतो आणि मनात पहिला विचार आला तो दुरुस्ती गुपचूप काढून टाकण्याचा. खोटं कशाला बोलू.

मग दुसरी चूक शोधणं आलं, कारण पहिलीने इतके दिवस जिला सांभाळून घेतलं ती कुठेतरी असणारच. संशय ०.०७ वरच होता. हा आकडा येतो कुठून? ड्युटेरॉनची, म्हणजे ड्युटेरियमच्या केंद्रकाची, बंधनऊर्जा २.२२ एमईव्ही. तापमान त्याच्या खाली गेलं की ड्युटेरियम टिकायला हवं असं वाटतं, पण फोटॉनची गर्दी अफाट आहे. दर १० अब्ज फोटॉनमागे बॅरिऑन, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन, अवघे ६. त्यामुळे सरासरी तापमान कितीही खाली आलं तरी गर्दीतले मोजके तापट फोटॉन नवं ड्युटेरॉन फोडायला पुरतात. समतोलाच्या समीकरणातून ड्युटेरियमचा साठा बॅरिऑनांच्या बरोबरीला कधी येतो असं विचारलं की कच्च्या अंदाजाने ०.०७ एमईव्ही मिळतं. मी तिथे रेघ मारून म्हटलं होतं: इथे दार उघडलं, इथे सगळे न्यूट्रॉन हेलियममध्ये गेले.

पण दार उघडायला एवढा साठा लागतोच का?

याचं उत्तर मला स्वयंपाकघरात मिळालं, आणि हे मी सजवून सांगत नाहीये. रविवारी बायको पोळ्या करत होती, मी आणि पोरं ओट्याशीच उभ्या उभ्या खात होतो. आईने बाहेरून विचारलं, ‘डब्यात किती झाल्या गं?’ डबा रिकामा होता. पोळ्या वीस झाल्या असतील. तव्यावरून उतरली की कुणीतरी उचलत होतं. मी डबा भरायची वाट पाहत होतो तर!

ड्युटेरियमचं तेच. दोन ड्युटेरॉन भिडले की ट्रिशियम किंवा हेलियम-३ होतं, तिथून हेलियम-४ पर्यंतचा रस्ता मोकळा आहे. ही भिडंत इतकी वेगवान की ड्युटेरियम थोडंसं झालं तरी प्रसरणाला मागे टाकते. थोडंसं म्हणजे किती, ते समतोलाच्या सूत्रात घालून पाहिलं. ०.०८ एमईव्हीला ड्युटेरियम बॅरिऑनांच्या वस्तुमानात हजारात एक. ०.०७ ला शंभरात चार. तापमान आठव्या हिश्श्याने उतरलं आणि साठा चाळीसपट झाला, घातांकी फलनाची ही करामत. पण हजारात एक झाल्याझाल्याच खाणारे तयार असतात, शंभरात चारपर्यंत डबा कधी पोचतच नाही. रेघ ०.०७ वरून ०.०८ वर सरकवली तर न्यूट्रॉनना क्षयासाठी २०६ सेकंद मिळतात आणि हेलियम ०.२३७ येतं. ०.०८६ ला सरकवली तर १७८ सेकंद, ०.२४५. रेघ कुठे मारायची यावरच सगळं, म्हणजे रेघ मारणं हीच चूक. रेघ न मारता सगळ्या अभिक्रिया एकत्र सोडवायला हव्यात.

तर गेले दोन महिने ते चाललंय. न्यूट्रॉन, प्रोटॉन, ड्युटेरियम, ट्रिशियम, हेलियम-३, हेलियम-४, लिथियम-७, बेरिलियम-७: आठ खेळाडू, बारा अभिक्रिया. वेगांची सूत्रं छापील तक्त्यांतून उतरवली. त्यात तापमान १०० कोटी केल्विनच्या एककात असतं आणि माझा प्रोग्रॅम एमईव्हीत विचार करतो. यावर एक अख्खा शनिवार गेला, त्याबद्दल जास्त बोलत नाही.

खरी मारामारी झाली ती सोल्व्हरशी, म्हणजे समीकरणं पायरीपायरीने सोडवणाऱ्या कोडशी. नेहमीची रुंगे-कुट्टा पद्धत लावली तर प्रोग्रॅम ०.३ एमईव्हीच्या आसपास गोगलगाय झाला. रात्रभर चालू ठेवला, पहाटे लाइट गेली, बॅटरी आधीच मेलेली, सगळं मुसळ केरात. पायरी मोठी करून पाहिली तर ड्युटेरियम उणे आलं. उणे ड्युटेरियम! कारण असं की या काळात ड्युटेरियम बनण्याचा आणि फुटण्याचा वेग दोन्ही प्रचंड, आणि दोन्ही जवळजवळ एकमेकांना खोडतात. आपल्याला हवी असते त्यांच्यातली बारीकशी वजाबाकी. दोन मोठ्या उधाऱ्यांच्या फरकावर घर चालवायचं म्हटल्यावर दर क्षणाला वही तपासावी लागते, तसं सोल्व्हरचं होतं. अशा समीकरणांना ‘स्टिफ’ म्हणतात आणि त्यांना अंतर्निहित पद्धत लागते, जी पुढच्या पायरीची किंमत त्या पायरीवरच्याच समीकरणातून सोडवते. सायपाय या पायथॉनच्या गणिती संचात ‘राडाऊ’ नावाची आहे. नाव राडाऊ, पण राडा अजिबात करत नाही. रात्रभराचं काम अकरा सेकंदांत.

निकाल: हेलियम ०.२४३. रेघ कुठेही मारलेली नाही. ड्युटेरियम दर १ लाख हायड्रोजनमागे २.८, निरीक्षणातून येतं २.५३. माझे वेग ढोबळ आहेत, त्यामुळे यावर मी खूश आहे, पण या वेळी तोऱ्यात नाही. ड्युटेरियमच्या आलेखाला मधोमध उंचवटा येतो आणि मग तो कोसळतो. कोसळल्यावर तळाशी जे उरतं ते म्हणजे तव्यावरची शेवटची पोळी, जी खाणारे पांगल्यामुळे थोडी उरली.

हातात चालता प्रोग्रॅम आल्यावर मग आकडे हलवून पाहायचा नाद लागला. बॅरिऑनांचं प्रमाण दुप्पट केलं तर हेलियम जेमतेम हललं, ड्युटेरियम मात्र एक तृतीयांशावर आलं. म्हणूनच विश्वात साधं द्रव्य किती हे मोजायला ड्युटेरियम वापरतात, हेलियम नाही. न्यूट्रिनोंच्या तीन घराण्यांऐवजी चार धरली तर हेलियम ०.०१३ ने वर जातं. १९७७ मध्ये स्टाइगमन, श्राम आणि गन यांनी याच धाग्यावरून न्यूट्रिनोंची घराणी फार असू शकत नाहीत असं म्हटलं होतं, आणि १९८९ मध्ये सर्नच्या लेप त्वरकात मोजणी झाली ती तीनच. कारखान्याएवढं यंत्र न बांधता जुन्या हेलियमवरून असा अंदाज बांधता येतो, हे मला अजून अंगावर येतं. न्यूट्रॉनचं आयुष्य बदलूनही पाहिलं, कारण तिथे खरंच भांडण आहे: बाटलीत कोंडून मोजलं तर ८७८ च्या आसपास, न्यूट्रॉनच्या शलाकेत मोजलं तर ८८८ च्या आसपास. नऊ-दहा सेकंदांचा हा फरक हेलियममध्ये ०.००२ एवढाच उमटतो. निरीक्षणांची अनिश्चितता ०.००३ ची, म्हणजे ते भांडण आपल्या हेलियमने मिटणार नाही.

एक अवांतर. या अख्ख्या जाळ्याचा पाया ठरलेला १९६७ चा शोधनिबंध वॅगनर, फाउलर आणि हॉइल यांचा. यातला हॉइल म्हणजे महास्फोटाचा आयुष्यभराचा विरोधक, ‘बिग बँग’ हे नावही त्यानेच १९४९ च्या रेडिओ भाषणात वापरलेलं. त्याचेच शिष्य आपले जयंत नारळीकर, तेही स्थिर-स्थिती विश्वाच्या बाजूने शेवटपर्यंत ठाम. ज्या सिद्धांतावर विश्वास नाही त्याचा हिशेब इतका चोख करून ठेवायचा, याला मोठं मन लागतं. मी तर स्वतःच्या ०.२५३ ची दुरुस्ती दडपायला निघालो होतो.

आता राहिलं लिथियम. माझ्या जाळ्यातून दर १० अब्ज हायड्रोजनमागे ५ च्या थोडं वर येतं. आपल्या आकाशगंगेतल्या जुन्या, धातू कमी असलेल्या ताऱ्यांत दिसतं १.६. इथे माझी चूक असती तर बरं झालं असतं, पण व्यावसायिकांच्या प्रोग्रॅमांतूनही साधारण तेवढंच येतं. यातलं बहुतेक लिथियम लिथियम म्हणून जन्मतच नाही, बेरिलियम-७ म्हणून जन्मतं. प्रयोगशाळेतल्या बेरिलियम-७ चं अर्धायुष्य ५३ दिवसांचं, कारण ते शेजारचा इलेक्ट्रॉन गिळून लिथियम होतं. आदिम विश्वात मात्र त्याच्याजवळ इलेक्ट्रॉन टिकतच नाही, त्यामुळे विश्व पुरेसं थंड होईपर्यंत ते तसंच ताटकळत राहतं. ताऱ्यांनी लिथियम नंतर जाळून टाकलं, की मुळात कमीच बनलं, यावर अजून एकमत नाही.

सध्या मी हेलियम-३ आणि हेलियम-४ मिळून बेरिलियम-७ बनवणाऱ्या अभिक्रियेचा वेग दहा-दहा टक्क्यांनी कमी करत जातोय. लिथियम १.६ वर यायला तो किती पाडावा लागतो ते बघायचंय. काल रात्रीपर्यंत चाळीस टक्क्यांवर पोचलो, लिथियम ३ च्या वरच आहे. नवी बॅटरी मागवलीये. कुणाकडे याच अभिक्रियेचा वेग वेगळ्या सूत्रातून घातलेला असेल तर आकडे कळवा, आणि त्यासोबत आजचं न्यूट्रिनो तापमानही पाठवा.