केसपेपर छापता छापता : आमची वाटचाल

आमचं मूळ काम छपाईचं. चिपळूणला बाजारपेठेत वडिलांनी टाकलेला प्रेस, लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शिमग्याची पत्रकं आणि आसपासच्या हॉस्पिटलांचे केसपेपर. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिवनदी दोन्ही गावात घुसल्या तेव्हा ऑफसेट मशीन, कटिंग मशीन, कागदाची रिमं सगळं चिखलात गेलं. माळ्यावर वाचली ती फक्त नमुन्यांची फाइल, वडील छापलेल्या प्रत्येक फॉर्मची एक प्रत जपून ठेवायचे.

ती फाइल सादळली होती म्हणून पंख्याखाली पसरली, तर बायको म्हणाली अहो हे बघा, एकाच हॉस्पिटलचे सात फॉर्म आणि सातही ठिकाणी पेशंटचं नाव वय गाव परत लिहायचंय. इतकी वर्षं आम्हीच छापत होतो आणि कधी डोक्यात आलं नाही. येणार कसं, जितके फॉर्म तितकं बिल!

मशीन घ्यायला पैसे नव्हते, वेळ भरपूर होता. मग मी वाचायला लागलो की हे कामाचे नकाशे, म्हणजे प्रोसेस मॅपिंग, एखादं काम कुठून सुरू होतं आणि कोणाकोणाच्या हातातून जातं ते कागदावर काढायचं, हे काय प्रकरण आहे. गंमत म्हणजे याचं मूळ एका गवंड्याकडे जातं. अमेरिकेतला फ्रँक गिलब्रेथ, विटा रचायचं काम करायचा, एक वीट लावायला १८ हालचाली लागतात त्या त्याने पाचाच्या आत आणल्या. पुढे १९२१ मध्ये त्याने आणि त्याची बायको लिलियनने इंजिनिअरांच्या सभेत प्रोसेस चार्ट मांडले, आणि ऑपरेशन करताना सर्जनने हत्यारं शोधत बसू नये, दुसऱ्या कोणी हातात द्यावीत, हेही त्याने सांगितलं होतं. आमच्याकडे चिरा लावणारे गवंडी बघतो तेव्हा मला हा माणूस आठवतो.

असा नकाशा काढून द्यायचं पहिलं काम मिळालं ते ओळखीवर, एका वीस खाटांच्या हॉस्पिटलात. आणि ते आम्ही पार घालवलं. डॉक्टरांच्या केबिनमध्ये बसून ते सांगतील तसा नकाशा काढला, रंगीत चौकोन, बाण, मस्त फ्लेक्स करून रिसेप्शनला लावला (छपाईची खाज जात नाही). महिन्याने गेलो तर त्यावर गणपतीच्या वर्गणीची यादी चिकटवलेली. तिथली मावशी म्हणाली, दादा, तुम्ही काढलंय तसं इथे कायच होत नाही.

मग शहाणे झालो. आता पेशंटच्या मागे मागे फिरायचं, घड्याळ लावून, आणि भिंतीवर ब्राऊन पेपर लावून पिवळ्या चिठ्ठ्या सिस्टर, मावशी, लॅबवाला यांनी स्वतः चिकटवायच्या. प्रत्येकाची एक आडवी पट्टी, काम एका पट्टीतून दुसरीत गेलं की तिथे बघायचं, कारण काम अडकतं ते बहुतेक या हातातून त्या हातात जातानाच.

लावणीच्या दिवसांतली तापाची ओपीडी बघा. शेतात चिखलात उभं राहायचं, पायाला जखम, उंदरांच्या मुतातून आलेला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा जंतू) त्यातून अंगात शिरतो आणि औषध जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं. आम्ही एका बाईंच्या मागे फिरलो. दहाला नंबर लागला, साडेअकराला रक्त घेतलं, पण लॅबचा मुलगा सगळी सॅम्पल एकदमच न्यायचा, दीड वाजता. रिपोर्ट आला चारला, तोवर डॉक्टर जेवायला घरी. सहाला परत येणार आणि बाईंची वस्तीची एसटी साडेपाचची. सगळी बेरीज केली तर खरं काम अर्ध्या तासाचं, बाकी बाकड्यावर बसणं. उपाय काय केला? तापाच्या पेशंटच्या केसपेपरला लाल पट्टी, त्याचं सॅम्पल लगेच खाली, आणि डॉक्टर जेवायला जायच्या आधी लॅबमधून एक फोन, शंका दाट असेल तर रिपोर्टची वाट न बघता गोळ्या द्यायचं डॉक्टरांनीच ठरवलं. सॉफ्टवेअर नाही काही नाही. लाल पट्टी आम्हीच छापली.

सात फॉर्मचे तीन झाले, आमचं छपाईचं बिल निम्म्यावर आलं. वडील आठ दिवस नीट बोलले नाहीत. आज आम्ही तिघं आहोत, मी, बायको आणि नर्सिंग सोडून आलेली एक मुलगी, आणि खरं सांगायचं तर सिस्टर मोकळ्या बोलतात त्या तिच्याशीच.

सध्या डिस्चार्जच्या मागे लागलोय. सकाळी नऊच्या राऊंडला डॉक्टर सोडा म्हणतात आणि पेशंट निघतो चारला. लोक विम्याला शिव्या देतात, पण २०२४ पासून कॅशलेसची शेवटची मंजुरी विनंती मिळाल्यापासून तीन तासांत द्यायची असा विमा नियामकाचा नियम आहे, आणि आमच्या चिठ्ठ्या सांगतात की ती विनंतीच साडेबाराला जाते. कारण उरलेली औषधं मेडिकलला परत जाऊन त्याचा हिशोब आल्याशिवाय बिल बनत नाही. आणि मेडिकल चालवतात डॉक्टरांचे मेव्हणे. भिंतीवर त्या जागी कोणी काही लिहायलाच तयार नाही, तीन आठवडे झाले, एक कोरी पिवळी चिठ्ठी तशीच आहे.