तुम्ही विचारलंत म्हणून: घरात कुत्रा असताना फरशी आणि सतरंजी स्वच्छ कशी ठेवायची?

घरात कुत्रा आहे आणि तरीही वास येत नाही, तर फिनाइल कोणतं वापरता, असं सातारा-सांगलीकडे हमखास विचारलं जातं. फिनाइलच्या बाटलीपेक्षा कामाच्या क्रमानं जास्त फरक पडतो. कोरडं आधी, ओलं नंतर. केस आणि माती फरशीवर असतानाच फडकं फिरवलं, तर केस चिकटतात, मातीचा चिखल होतो आणि तो सांध्यांत जाऊन बसतो. दुपारी घर गरम झालं की वास येतो तो तिथूनच.

केसांसाठी झाडू हे वाईट हत्यार आहे. झटका मारला की केस उडून पलंगाखाली जातात. बाथरूममधलं पाणी ओढायचं रबरी वायपर कोरड्या फरशीवर हळूहळू आपल्याकडे ओढा. केसांची गुंडाळी होते आणि हातानं उचलता येते. सतरंजीवर किंवा गालिच्यावर रबरी हातमोजा किंचित ओला करून एकाच दिशेनं फिरवा. मग व्हॅक्यूम, तोही सावकाश, एकदा उभा आणि एकदा आडवा. सतरंजी उलटी करून खालची बाजूही झाडायला विसरू नका. विणीतून खाली उतरलेली बारीक वाळू तिथे असते आणि पायाखाली तीच धागे झिजवते.

चिखलाच्या बाबतीत सातारच्या डोंगराकडची तांबडी माती आणि सांगलीकडची कृष्णाकाठची काळी माती यांना वेगळं वागवावं लागतं. काळी माती पाण्यानं फुगते आणि पुसाल तितकी पसरते. ती वाळू द्या, मग ब्रशनं झाडा. तांबडीनं पांढऱ्या सुती सतरंजीवर डाग पडतो, म्हणून सतरंजीपर्यंत पोचूच देऊ नका. पावसाळ्यात दाराशी एक टमरेल साधं पाणी आणि जुना टॉवेल ठेवावा. पंजे धुतल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं महत्त्वाचं, कारण ओलसर राहिल्या की तिथे बुरशी धरते आणि कुत्रा पाय चाटत बसतो.

आता फरशी. जुन्या घरांतली शहाबादी, नंतर आलेली कोटा, मोझेक, संगमरवर, या सगळ्यांत चुना असतो. व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करायचं ॲसिड यांनी त्यांची झिलई जाते, पृष्ठभाग खरबरीत होतो आणि पुढच्या वेळी मूत्र आणखी आत मुरतं. नेटवर वाचून व्हिनेगर ओतण्याआधी फरशी कोणती ते पाहा. व्हिट्रिफाइड टाइलला ते चालतं, पण सांध्यांतलं सिमेंट तिथेही खराब होतं. रोजच्यासाठी अर्धी बादली पाण्यात चमचाभर सौम्य साबण पुरे. बोअरच्या जड पाण्यात साबण जास्त झाला तर फरशीवर चिकट थर राहतो आणि केस त्यालाच धरतात. म्हणून शेवटचं फडकं नुसत्या पाण्याचं हवं. काळं फिनाइल कुत्र्याच्या घरात नकोच. ते पंजांना लागतं आणि चाटून पोटात जातं. कामाला येणाऱ्या मावशींना हे कारणासकट सांगा, नाहीतर त्यांना वाटतं आपण पैसे वाचवतोय.

कुत्र्यानं सतरंजीवर शू केली तर पहिली दहा मिनिटं सोन्याची. घासू नका. जुन्या सुती कापडाची जाड घडी ठेवून तिच्यावर पाय देऊन उभे राहा, घडी कोरडी निघेपर्यंत बदलत जा. मग गार पाणी ओता, पुन्हा टिपा. गरम पाण्यानं डाग आणि वास दोन्ही पक्के बसतात. डाग जुना असेल तर पाणी पुरत नाही, कारण वाळलेल्या मूत्रातले युरिक आम्लाचे खडे पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. दमट हवा आली की वास परत येतो, आणि कुत्राही वास घेत तिथेच जातो. यावर एन्झाइमचं, म्हणजे डागातले घटक फोडून टाकणारं, क्लीनर हेच खरं औषध. डागापेक्षा थोड्या मोठ्या जागेवर भरपूर ओता आणि बाटलीवर लिहिलेला वेळ ओलं राहू द्या. आधी फिनाइल किंवा ब्लीच मारलं असेल तर एन्झाइम नीट काम करत नाही. ब्लीच तर मुळीच नको. मूत्रातल्या अमोनियाशी मिसळून त्याचा विषारी वायू होतो.

एन्झाइम मिळालं नाही तर औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं. २० व्हॉल्यूमचं म्हणजे सुमारे ६ टक्के. त्यात तेवढंच पाणी घालून वापरा. त्यानं रंग उडू शकतो, तेव्हा आधी कोपऱ्यावर तपासा. घोंगडीला मात्र एन्झाइम क्लीनर लावताना जपा. लोकर प्रथिनाचीच असते आणि प्रथिनं फोडणारं एन्झाइम तिलाही खातं. घोंगडीला गार पाणी, दाबून टिपणं आणि वारा, बस्स.

हळदीचंही सांगायला हवं. आपल्याकडे जखमेवर हळद लावतात आणि कुत्रा लगेच सतरंजीवर लोळतो. तो डाग साबणानं धुतला की लाल होतो; घाबरू नका, हळदीचा रंग अल्कलीत तसा बदलतो. साध्या पाण्यानं खळबळून उन्हात टाका, रंग उन्हानंच फिका पडतो.

राहिले गोचीड आणि पिसवा. रक्त पिऊन टम्म झालेली गोचिडाची मादी कुत्र्यावरून उतरते आणि भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. त्यामुळे नुसती फरशी पुसून काही होत नाही. फटी पांढऱ्या सिमेंटनं बुजवा आणि कुत्र्यावरचा इलाज जनावरांच्या डॉक्टरांकडून त्याच आठवड्यात करा. रॉकेल चोळू नका, त्वचा भाजते. पिसवांचे कोष गालिच्याला घट्ट धरून बसतात आणि व्हॅक्यूमला सगळे निघत नाहीत, म्हणून दोन-तीन आठवडे रोज व्हॅक्यूम करावं आणि पिशवी दरवेळी घराबाहेर नेऊन रिकामी करावी.