सोलापुरात आरसी विमान उडवलं: आधी माळ शोधला, मग विमान केलं

आरसी विमान, म्हणजे रिमोटवर उडणारं छोटं विमान, करायचं म्हटलं की सगळे पहिलं विचारतात मोटर कुठली, किट कुठलं, रिमोट केवढ्याला पडला. ऑफिसातली पोरं मला आता हेच विचारायलेत. पण माझं मत एकदम पक्कं आहे, सोलापुरात राहत असाल तर पहिला प्रश्न जागेचा, ती ठरेपर्यंत एक रुपया घालू नका.

का ते सांगतो. आपलं विमानतळ होटगी रोडला, म्हणजे गावाला चिकटूनच. पूर्वी लोक म्हणायचे तिथं कुठं विमान येतंय, पण आता तसं राहिलं नाही. २०२३ च्या जूनमध्ये विमानांच्या आड येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली ते सगळ्या सोलापूरने बघितलं आणि जून २०२५ पासून गोव्याचं विमान सुरू झालं. आणि आपलं हे छोटं मॉडेल सुद्धा ड्रोन नियम २०२१ मध्येच येतं, खेळणं म्हणून सुटत नाही. त्या नियमात असं आहे की चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच यलो झोन, म्हणजे एटीसीच्या (हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाच्या) परवानगीशिवाय उडवायचं नाही. आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत ग्रीन, म्हणजे तशी परवानगी लागत नाही, आणि त्याच्या बाहेर, दुसरं काही बंधन नसेल तर, ४०० फुटांपर्यंत ग्रीन. सरकारच्या डिजिटल स्काय वेबसाइटच्या मॅपवर हे रंग दिसतात. मी मॅप उघडून बसलो आणि होम मैदान, जुळे सोलापूर, विजापूर रोडची मोकळी प्लॉटिंगं, मनात धरलेल्या सगळ्या जागा गेल्या. एक मित्र म्हणाला, "काय होतंय बे, सकाळी सकाळी कोण बघायलंय?" पण प्रश्न कोण बघतंय हा नाहीच ना, खऱ्या विमानात माणसं बसलेली असतात आणि ते उतरताना किती खाली असतं हे होटगी रोडला राहणाऱ्याला सांगायला नको.

मग उत्तरेला बघितलं तर नान्नजला माळढोकचं अभयारण्य, त्या बाजूचा विचारच केला नाही. हिप्परग्याच्या तलावाजवळ मोकळं आहे पण हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात, तिथं मोटर घेऊन घोंघावत फिरणं मनाला पटेना. शेवटी पुणे रोडला सावळेश्वरचा टोलनाका ओलांडून आत मामांची जमीन आहे, त्यातला वरचा माळ पडीक आहे, तो आठवला. मॅपवर ग्रीन, जवळ शाळा नाही, वस्ती लांब, हाय टेन्शनची लाइन पण लांब. मामांना फोन केला.

"मामा, तुमच्या माळावर विमान उडवायचंय."

"औषध फवारायचं ड्रोन घेतलास काय?"

"न्हाई मामा, हौसेचं हाय, लहान."

"मग उडव की. डाळिंबाच्या बागंवरनं तेवढं नगं, तिथं बायका कामाला असत्यात."

मी सांगायच्या आधी मामांनीच सेफ्टीचा पहिला नियम सांगितला, माणसांच्या डोक्यावरून न्यायचं नाही. पोलीस पाटलांच्या कानावर पण मामांनीच घातलं. वजन दोन किलोच्या आत आणि काम नुसतं हौसेचं असेल तर रिमोट पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, पण गावात सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर आकाशात काहीतरी फिरतंय म्हणून लोक गोळा होतात.

आता जागा ठरल्यावर विमान कसं पाहिजे हे त्या माळानेच ठरवलं. मुरूम, मधे मधे दगड, खालच्या रानात ज्वारीची धसकटं. म्हणजे चाकं लावून उपयोग नाही, पहिल्याच दगडाला चाक जाणार आणि त्याच्याबरोबर निम्मं पोट. मग बिनचाकाचं, हाताने फेकायचं आणि गवतावर पोटावर उतरवायचं. पंख वरती, कारण असं विमान स्वतःहून सरळ व्हायला बघतं. आणि चॅनल, म्हणजे रिमोटने चालवायच्या गोष्टी, तीनच: थ्रॉटल (मोटरचा वेग), एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी फळी), रडर (डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची उभी फळी). एलरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलणाऱ्या पट्ट्या, नाहीत. पंखाला दोन्हीकडे वर चढ दिला की नुसत्या रडरवर विमान छान कलतं आणि वळतं, दोन सर्वो (या फळ्या-पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) कमी लागतात, वजन कमी, डोक्याला ताप कमी.

नवी पेठेतून फोम बोर्डच्या शीट, ग्लू गन, टेप, लाकडी पट्ट्या घेतल्या. मोटर २२१२ साइजची १००० केव्ही (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला १००० फेरे) ब्रशलेस, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), नऊ ग्रॅमचे सर्वो, २२०० एमएएचची थ्री सेल लायपो बॅटरी, १० बाय ४.५ चा प्रॉपेलर, आणि सहा चॅनलचा २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट, हे ऑनलाइन मागवलं. पंखाची लांबी टोकापासून टोकापर्यंत १२० सेंटिमीटर, रुंदी २०. सगळं धरून वजन ७०० ग्रॅमच्या आसपास बसलं.

पंखाचा चढ हे काम मला सगळ्यात आवडलं म्हणून नीट सांगतो. दोन्ही पंख वेगळे करायचे, जिथं जुळणार त्या कडा थोड्या तिरक्या घासायच्या, मग एक पंख टेबलावर एकदम सपाट दाबून ठेवायचा आणि दुसऱ्याचं टोक टेबलापासून बारा सेंटिमीटर उचलून खाली पुस्तकं लावायची. आतल्या लाकडी पट्ट्यांना मधे प्लायचा व्ही आकाराचा तुकडा इपॉक्सीने चिकटवायचा आणि रात्रभर हात लावायचा नाही. आईने सकाळी पुस्तकं उचलायला घेतली तेव्हा मी आतून ओरडलोच. इथं ग्लू गनवर भरवसा ठेवू नका, आणि मोटर ज्यावर बसते त्या प्लायच्या तुकड्याला पण नको. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये उन्हात उभ्या गाडीत काय तापतं माहितीये, त्या गरमीत हॉट ग्लू मऊ पडतो आणि मोटर जराशी हलली तरी विमान वाकडं जातं. मोटर बसवताना तिचं तोंड दोन-तीन अंश खाली आणि तेवढंच उजवीकडे ठेवायचं, वायसर घालून जमतं, म्हणजे थ्रॉटल वाढवल्यावर नाक वर आणि डावीकडे ओढत नाही.

वायरिंगला सगळ्यात महत्त्वाचं, प्रॉपेलर काढून ठेवा. सगळं सेटिंग होईपर्यंत मोटरवर पातं नको म्हणजे नको, दहा इंची पातं बोटं सोडत नाही. ईएससीला थ्रॉटलची रेंज शिकवली, मोटर उलटी फिरत होती तर तिच्या तीन वायरीतल्या कुठल्या पण दोन अदलाबदल केल्या. रडरची वायर रिसीव्हरच्या (विमानात बसणारा, रिमोटचा सिग्नल घेणारा डबा) चार नंबरला न लावता एक नंबरला लावली, म्हणजे वळवायचं आणि वर-खाली करायचं दोन्ही उजव्या हाताच्या स्टिकवर येतं, पुढे एलरॉनवालं विमान घेतलं तरी हाताची सवय तीच राहते. फेलसेफ लावला, म्हणजे सिग्नल गेला की थ्रॉटल झिरो, आणि मुद्दाम रिमोट बंद करून मोटर थांबते का बघितलं. याच तपासणीत एक सर्वो सापडला, स्टिकला हात न लावता मधेच किरकिर करून हलायचा. हवेत हे झालं असतं तर विमान गेलंच होतं. तो काढून नवीन टाकला.

मग सीजी, म्हणजे विमानाचा तोल जिथं बसतो ती जागा. पंखाच्या पुढच्या कडेपासून साडेपाच सेंटिमीटरवर दोन्ही बाजूंना पेनाने खूण केली, दोन बोटांवर तिथं विमान उचललं आणि नाक किंचित खाली येईपर्यंत बॅटरी पुढे-मागे सरकवत बसलो, बॅटरी बसवूनच बघायचं, रिकामं बघून काही अर्थ नाही. ती जागा सापडल्यावर आत मार्करने रेघ मारून वेल्क्रो लावलं. शेपूट जड असलं तर विमान हातात राहतच नाही. नाक जड असलं तर जडपणे का होईना उडतं, म्हणून पहिल्या उड्डाणाला थोडं नाक जडच ठेवा.

लायपोचं पण सांगतो कारण घरात आग लागू शकते. बॅलन्स चार्जरवरच (सगळे सेल सारखे भरणाऱ्या) चार्ज करायची, २२०० एमएएच असेल तर २.२ अँपिअरने. फुल झाली की सेलला ४.२ व्होल्ट. मी गॅलरीत शहाबादी फरशीवर ठेवून चार्ज करतो आणि तिथून उठत नाही. फुगलेली बॅटरी वापरायची नाही, कितीची पण असो.

दरम्यान संध्याकाळी लॅपटॉपवर सिम्युलेटर चालूच होता, त्याला तोच रिमोट केबलने जोडून. हे टाळू नका एवढंच म्हणतो.

ज्वारीची काढणी झाल्यावर एका रविवारी पहाटे निघालो. पहाटेच का, तर आपल्याकडे ऊन चढलं की माळ तापतो, गरम हवेचे लोट वर उठतात आणि हलकं विमान वर-खाली व्हायला लागतं. मामेभाऊ शेतावर होताच. वारा किती ते चिमूटभर माती सोडून बघितलं, पूर्वेकडून हलका येत होता. आता अडचण अशी की विमान वाऱ्याच्या तोंडावर सोडायचं असतं आणि पूर्वेला सूर्य. म्हणून मी दक्षिणेच्या बांधाजवळ उभा राहिलो, पूर्वेकडे सोडून लगेच डावीकडे उत्तरेला वळवायचं आणि विमान सूर्याच्या रेषेत जाऊच द्यायचं नाही असं ठरवलं. एकदा का उजेडात विमान हरवलं की कुठं कललंय ते कळत नाही.

आधी रिमोट चालू, मग बॅटरी. बंद करताना उलटं. स्टिक मागे ओढली की एलिव्हेटर वर, स्टिक उजवीकडे की रडर मागून बघताना उजवीकडे. मामेभावाला विमान धरायला लावून मी रिमोट घेऊन लांब चालत गेलो, तिथून सगळं हलतंय का ते तो ओरडून सांगायला. थ्रॉटल कट (मोटर बंद ठेवणारं बटण) काढायच्या आधी त्याला परत एकदा सांगितलं, पात्याच्या मागे हात, आणि फेकताना वर नाही, सरळ समोर, लांब भाला टाकल्यासारखं.

"सोडू का?"

"सोड."

पाऊण थ्रॉटलवर सोडलं. हातातून सुटलं तसं जरासं खाली बसलं, मी स्टिक घट्ट सरळ धरून ठेवली, आणि मग ते स्वतःच चढायला लागलं. त्या क्षणी ओढून नाक वर करावंसं फार वाटतं, तेच करायचं नसतं, वेग नसताना नाक वर केलं की स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल सुटून, डोक्यावर येतं. पन्नासेक मीटर वर गेल्यावर थ्रॉटल निम्म्यावर आणला, जरा वर चढतच होतं म्हणून डाउन ट्रिमचे (स्टिकजवळच्या बारीक समायोजनाच्या बटणाचे) क्लिक दिले, हात सोडून बघितलं तर सरळ चाललंय! मी केलेलं, नवी पेठेतल्या फोम बोर्डचं! खरं सांगतो, घशात काहीतरी अडकलं.

अवघड जातं ते विमान आपल्याकडे येताना, कारण तेव्हा डावं-उजवं उलटं होतं. याला एक युक्ती आहे, येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली पडलाय त्या बाजूला स्टिक न्यायची, त्याला खालून टेकू दिल्यासारखी. सिम्युलेटरवर हे इतकं घोटलं होतं की हात आपोआप गेला. वर उंचीवर असतानाच थ्रॉटल बंद करून हळूहळू मागे ओढून स्टॉल कुठं होतो ते बघून घेतलं, नाक पडलं, स्टिक सोडली, वेग आला, परत सावरलं. हे उतरायच्या आधी माहीत पाहिजे.

मधेच एक घार आली आणि बरोबरीने घिरट्या घालायला लागली. मामेभाऊ म्हणाला, "अय, घार बघ घार!" त्याचं कामच ते होतं, मी नजर विमानावरून काढायची नाही आणि त्याने बाकीचं आकाश, रस्ता, मेंढरं सगळं बघायचं. मी उंची कमी करून लांब नेलं, ती निघून गेली.

सहा मिनिटांचा टायमर वाजला. बॅटरी अजून होती पण उतरताना एकदा चुकलं तर परत चढायला शिल्लक पाहिजे. वाऱ्याच्या तोंडावर आणलं, थ्रॉटल कमी कमी, गवताच्या वर आल्यावर पूर्ण बंद, हळूच नाक उचललं आणि पोटावर घसरत थांबलं. पोटाला लावलेल्या जाड टेपवर दोन ओरखडे, बाकी काही नाही.

मामा तोवर येऊन बांधावर उभे होते. म्हणाले, "एवढ्याला एवढी तयारी?" मी म्हटलं हो मामा, एवढीच लागते. मग परत चार्ज केलेली दुसरी बॅटरी लावली, पण लावायच्या आधी मोटरचे स्क्रू, हॉर्न (सर्वोची तार फळीला जोडणारे तुकडे), पंख बांधायचे रबर सगळं परत हाताने बघितलं.

घरी आल्यावर उरलेली बॅटरी सेलला ३.८ व्होल्टवर आणून ठेवली, फुल ठेवली तर खराब होते. आता एप्रिलपासून सकाळी सातच्या आत आटपायचं, आणि जूनमध्ये पश्चिमेचा वारा सुटला की माळावर ७०० ग्रॅमचं विमान टिकत नाही, तेव्हा बंद. त्या दिवसांत एलरॉनवाला दुसरा पंख करणार आहे, कार्बनचा पाइप मागवलाय. मामेभावाला सिम्युलेटर टाकून दिलाय, तो आत्तापासूनच रोज बसायला लागलाय.