बाहेर विष आहे म्हणणारं घर

बुधवार, रात्री उशिरा

सोफी मॅकिंटॉशची 'द वॉटर क्युअर' आज संपली, झोप काही येत नाहीये म्हणून लिहितेय. २०१८ ची कादंबरी, तिची पहिलीच, आणि त्या वर्षी बुकरच्या लाँगलिस्टवर होती. ग्रेस, लिया, स्काय या तीन बहिणी, आई, आणि बाप ज्याला सगळे किंग म्हणतात, आणि जगापासून तुटलेलं समुद्रकाठचं घर. पलीकडच्या जगात विष पसरलंय, पुरुषांमुळे ते बायकांच्या अंगात भिनतं असं मुलींना लहानपणापासून सांगितलेलं, म्हणून मग पाण्यात बुडवून धरायचे वगैरे उपचार, आणि हे सगळं तुमच्या काळजीपोटीच.

पण मला सगळ्यात जास्त छळलं ते वेगळंच. दर वर्षी चिठ्ठ्या काढतात तसं ठरवायचं की यंदा कोणी कोणावर जास्त प्रेम करायचं. लियाच्या वाट्याला कोणीच येत नाही. माया रेशनसारखी मोजून द्यायची आणि दुसरं दुकानच ठेवायचं नाही, मग ती पोरगी एका मिठीसाठी काय वाट्टेल ते सोसेल ना. मारलं तर वळ तरी दिसतात, याचं काय दाखवणार?

मार्गारेट ॲटवुडच्या 'द हँडमेड्स टेल' कादंबरीत निदान अख्खं सरकार समोर आहे, शत्रू कोण ते कळतं. इथे फक्त घर. किंग एक दिवस जातो तो परतच येत नाही, तरी आई नियम चालूच ठेवते! आपल्याकडे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मानसिक छळही येतो, आणि तो फक्त नवऱ्याविरुद्धच्या तक्रारीपुरता नाहीये, पण आई माझी फार काळजी करते अशी तक्रार घेऊन कोणती मुलगी जाणार?

आणि विष खरंच आहे का, हे पुस्तक नीट कळूच देत नाही. ते मला फार पटलं, कारण बाहेर धोका नसतोच असं मी कोणत्या तोंडाने म्हणू. आपल्या पंचवटीत सीता गुंफेच्या आसपास लक्ष्मणरेषेची गोष्ट लहानपणापासून ऐकत आलोय, ती रेषा वाल्मीकी रामायणात नाहीच म्हणे, नंतर आली, पण माणसांच्या तोंडी तीच राहिली. रावण खरा होता, मान्य. तरी आजही बायका बायकांनाच सांगतात, रेषा ओलांडली म्हणून झालं. पळवून नेणारा राहिला बाजूला.

ताईच्या मुलीला पुण्यात ॲडमिशन मिळतेय आणि घरचे नाही म्हणतायत. बाहेरचं वातावरण चांगलं नाही म्हणे. पोरीच्या मैत्रिणी घरी आलेल्या चालतात, हिने कोणाकडे जायचं नाही, कॉलेज रोडला क्लास सुटला की फोन, रिक्षात बसली की फोन, लोकेशन तर कायम चालूच. आता आता ती स्वतःच म्हणायला लागलीय, जाऊ दे मावशी, इथेच बरं आहे. हे ऐकल्यापासून माझ्या पोटात गोळा आलाय, कारण आधी भांडायची ती, रडायची, दार आपटायची.

रविवारी जाणारे त्यांच्याकडे. भाऊजींशी नंतर बोलेन, आधी ताईशीच, कारण नाही म्हणायची वेळ आली की भाऊजी पेपर वाचत बसतात आणि बोलते ती ताई. फी भरायची तारीख पुढच्या आठवड्यात आहे, अर्धे पैसे मी घालते असंही सांगणार, म्हणजे निदान ते कारण तरी पुढे यायला नको.